चमचाभर तेलाचा हिशेब

क्लचच्या पेडलमागे एक छोटा पंप असतो, मास्टर सिलिंडर. पेडल दाबले की त्यातले ब्रेक ऑइल नळीतून खाली गिअरबॉक्सपाशी बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते. तिथला दट्ट्या बाहेर येऊन फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे सारतो आणि प्रेशर प्लेटची क्लच प्लेटवरची पकड सुटते. मारुती ८०० मध्ये हे काम एक केबल करी. हायड्रॉलिक क्लचमध्ये केबलची जागा तेलाने घेतली आणि बिघाड शोधण्याची रीतही बदलली.

या यंत्रणेत किती तेल हलते, ते आधी पाहू. मास्टरचा व्यास १५.८७ मिलिमीटर आणि स्लेव्हचा १९.०५ मिलिमीटर धरा; ही दोन्ही मापे नेहमीची आहेत. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला, तर पुढे जाणारे तेल जेमतेम ५ मिलिलिटर भरते, म्हणजे चहाचा एक चमचा. तेवढ्याने स्लेव्हचा दट्ट्या सुमारे १७ मिलिमीटर बाहेर येतो. फोर्क आणि डायफ्रॅम स्प्रिंगच्या तरफेतून जाता जाता शेवटी प्रेशर प्लेट फार तर दीड-दोन मिलिमीटर मागे हटते. आता या चमच्यातले एकच मिलिलिटर वाटेत हरवले, तर स्लेव्हचे साडेतीन मिलिमीटर कमी होतात, आणि प्लेट सुटायला लागणारी फट उरतेच असे नाही. क्लचची बहुतेक दुखणी या हरवलेल्या मिलिलिटरची असतात. ते कुठे गेले हे शोधायचे सोडून गिअरबॉक्स उतरवायची घाई होते, हे मला फार खटकते. गिअरबॉक्स खाली घेणे हे दिवसभराचे काम आणि गाडीवाल्याच्या खिशाला मोठा खड्डा. मास्टरचे रबर किट त्यापुढे अगदीच स्वस्त.

म्हणून पहिला प्रश्न असा: क्लच सुटत नाही, की धरत नाही? इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबा, काही सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. गिअर खर्रकन वाजला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. उलट चढावर इंजिनाचे आवर्तन वाढते पण गाडी वेग घेत नसेल, जळकट वास येत असेल, तर क्लच घसरतो आहे. घसरणाऱ्या क्लचमध्ये प्लेट झिजलेली असण्याची शक्यता खरोखर मोठी. सुटत नसलेल्या क्लचमध्ये आधी तेलाचा माग काढायचा.

पेडल सांगते बरेच काही. दोन-चारदा भराभर पंप केल्यावर गिअर पडतो, पण नंतर पुन्हा अडतो, तर आत हवा असण्याचा संशय घ्यावा. तेल दबत नाही, हवा दबते. चमच्यातला काही भाग ती हवा दाबण्यातच खर्च होतो. पेडल दाबून धरले असता ते हळूहळू खाली बसत गेले आणि बाहेर कुठेही ओल नसली, तर मास्टरमधले रबर आतल्या आत तेल मागे सोडते आहे. हा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नेमका हाच हातून निसटतो.

दिसणाऱ्या गळतीच्या जागा तीन. पेडलच्या वर, मास्टरचा पुशरॉड जिथे आत जातो तिथे बोट फिरवावे. मॅटखाली ओल असेल तर मागचे रबर गेले. स्लेव्हचा रबरी बूट उचलून बघावा. आत तेल साचले असेल तर तोच गुन्हेगार. ज्या गाड्यांत स्लेव्ह बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचाच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो, तिथे थेंब बेलहाउसिंगच्या खालच्या कडेला दिसतो. तो थेंब इंजिन ऑइलचाही असू शकतो किंवा गिअर ऑइलचाही. ब्रेक ऑइल पातळ असते आणि पाण्याने धुऊन जाते. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो. ही ओळख पटवल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण आतला स्लेव्ह गेला असेल, तर गिअरबॉक्स उतरवण्याला खरेच पर्याय नाही. अशा वेळी प्लेट आणि बेअरिंगही तपासून घ्यावे.

तेलाची पातळी नीट वाचता यायला हवी. क्लचच्या तेलाची डबी वेगळी असेल, तर प्लेट झिजेल तसा स्लेव्हचा दट्ट्या आत सरकतो आणि तेल थोडे थोडे डबीत परत येते. म्हणजे पातळी उतरली, तर ती गळतीच. आणि पुष्कळ गाड्यांत क्लच व ब्रेक एकाच डबीतून तेल घेतात. त्यात क्लचची नळी मुद्दाम वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकचे तेल राखले जाते. याचा दुसरा अर्थ असा की ब्रेकची गळती असली, तर आधी क्लच बसू शकतो. अशा गाडीत क्लचचे काम निघाले की चारही चाकांमागे ओल पाहिल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये.

पावसाळा आणि घाट यांचा संबंधही इथे येतो. ब्रेक ऑइल ओलावा शोषते. कोकणातल्या दमट हवेत ते वर्षानुवर्षे तसेच ठेवणे म्हणजे त्यात पाणी मुरू देणे. मानकाप्रमाणे डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, ओलावा मुरल्यावर किमान १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. बोरघाटात ट्रॅफिक अडकली की हाफ क्लचवर गाडी सरकवत राहावे लागते, स्लेव्हजवळची उष्णता वाढते, मुरलेल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल हलके पडते. थंड झाल्यावर सगळे ठीक. ‘गरम झाली की गिअर पडत नाही’ ही तक्रार ऐकली की आधी डबीतले तेल पाहावे. काळे, गढूळ असेल तर रबरही झिजते आहे.

नव्या तेलाने नेहमी निभत नाही. चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे तेल ओतले गेले असेल, तर आतली रबरे फुगतात. मास्टरमध्ये तेल परत येण्याचे बारीक छिद्र बंद होते, दाब उतरत नाही, आणि चांगली प्लेट घसरू लागते. पुशरॉडला मोकळीक ठेवली नाही, तरी हेच घडते. जुनी नळी आतून फुगून चिमटली, तर तेल जाते पण परतायला वेळ लावते. अशा वेळी स्लेव्हचा निपल, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, क्षणभर उघडावा. क्लच लगेच धरला, तर दाब वर कुठेतरी अडकलेला होता.

एअर काढताना एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने निपल उघडून बंद करावा, मगच पेडल सोडावे. भराभर पंप केले तर बुडबुडे बारीक होऊन तेलातच फिरत राहतात. तरीही हवा निघाली नाही, तर निपल बंद ठेवून बाहेरच्या स्लेव्हचा दट्ट्या हाताने हळूहळू आत ढकलावा. हवा वरच्या डबीत निघून जाते. त्याआधी डबीत थोडी जागा ठेवावी, नाहीतर तेल ओसंडून रंगावर जाईल आणि रंग उचलून आणील. बाटलीत निघालेले तेल परत ओतू नये.

शेवटी रिव्हर्सची तीच चाचणी पुन्हा करावी: एकदा थंड गाडीवर, एकदा घाट चढून आल्यावर.