लवाद बसवण्याआधी

गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या निरवांगीच्या शिवारात खोप्या उभ्या राहतात. बीडकडून, अहिल्यानगरकडून माणसं कोयता घेऊन येतात, आणि बचत गटाच्या बैठकीत हमखास प्रश्न निघतो, यंदा तोडणीचा दर काय? आकडा कुणीतरी सांगतं. पण तो ठरवतं कोण, असं विचारलं की सगळ्या एकमेकींकडे बघतात. आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत, कारण कामावरचं भांडण मिटवायच्या दोन वाटा त्यातून चांगल्या कळतात.

ऊसतोडीचा दर लवाद ठरवतो. एका बाजूला साखर कारखान्यांचा राज्य संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगार, मुकादम आणि वाहतूकदारांच्या संघटना. मध्ये दोन माणसं. बरीच वर्षं ती शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे होती, 2014 मध्ये मुंडे गेल्यावर त्यांच्या जागी पंकजा मुंडे आल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये मजुरी सरासरी 14 टक्क्यांनी वाढली. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली, म्हणजे जिथे 100 रुपये मिळायचे तिथे 134. मुकादमाचं कमिशनही 1 टक्क्याने वाढलं. हे प्रेमाने मिळत नाही बरं का. कोयता बंद ठेवला तर कारखान्याचं धुराडं पेटत नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असतं, म्हणून सगळे बोलायला बसतात.

आता दोन शब्द वेगळे करू. एक तडजोड, दुसरा लवाद. तडजोडीत मधला माणूस दोघांना समोरासमोर आणतो, समजावतो, पण निर्णय त्याच्या हातात नसतो. तुम्हाला पटलं नाही तर तुम्ही उठून येऊ शकता. लवादात तुम्ही निर्णयच त्याच्या हाती देता. तो जे सांगेल ते पाळायचं, असं आधीच कबूल केलेलं असतं. नंतर ‘आम्हाला नाही पटलं’ म्हणायला फारशी जागा उरत नाही. ऊसतोडीच्या लवादाला नाव लवादाचं असलं तरी तिथे चर्चा होऊन दोन्ही बाजूंचा करार होतो, म्हणून आमच्या मते तो निम्मा तडजोडच आहे.

जुनं उदाहरण अहमदाबादचं. 1918 मध्ये गिरणी कामगार 35 टक्के वाढ मागत होते आणि मालक 20 च्या वर जायला तयार नव्हते. गांधीजी कामगारांच्या बाजूने उभे राहिले. अनसूयाबेन साराभाईही राहिल्या, आणि त्यांचा सख्खा भाऊ गिरणीमालकांचा पुढारी होता! शेवटी प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांना लवाद नेमलं आणि त्यांनी 35 टक्के दिले. लवाद दोन्ही बाजूंनी मान्य केलेला होता, हे त्यात महत्त्वाचं.

आपल्याकडे मात्र नेमकं हेच चुकतं. आमच्या एका गटातल्या नऊजणी फळांच्या पॅकिंगला जायच्या. हंगाम संपला आणि मालकाने पंधरा दिवसांची मजुरी अडवली. माल खराब भरला, असं त्याचं म्हणणं. गावातलं एक वजनदार माणूस म्हणालं, ‘मी बसतो मध्ये, मी सांगेन ते दोघांनी ऐकायचं.’ बायका हो म्हणायच्या बेतात होत्या. तो माणूस मालकाच्याच उठण्याबसण्यातला होता. मग गटात बसून ठरलं की त्याने मध्ये बसावं, पण निर्णय आमचा आम्ही घेऊ. तिघींनी घरच्या कॅलेंडरवर हजेरीच्या खुणा केल्या होत्या, त्याच कामाला आल्या. तेरा दिवसांची मजुरी कबूल झाली, दोन दिवसांची सोडावी लागली. कागदावर रक्कम, तारीख आणि प्रत्येकीची सही घेतली. अर्धे पैसे तिथेच मोजून घेतले.

कारखान्यात किंवा कंपनीत कामाला असाल तर याला सरकारी वाटही आहे. कामगार खात्याचा अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतो. त्याला पैसे द्यावे लागत नाहीत. पूर्वी हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने चालायचं, 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता आली. पण एक जुना नियम ध्यानात ठेवा. मालकाशी खासगीत केलेला करार फक्त सही करणाऱ्यांना लागू होतो. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार तिथल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, नंतर लागलेल्यांनाही. म्हणून ‘कशाला तालुक्या-जिल्ह्याला जाता, इथेच मिटवू’ असं कुणी म्हणालं तर आधी विचार करा की हे कुणाच्या सोयीचं आहे. वीस किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी, आणि तिथे बायका जितक्या प्रमाणात कामाला असतील निदान तितक्या प्रमाणात समितीवरही हव्यात.

कामावर कुणी अंगचटीला आलं, घाणेरडं बोललं, तर ते प्रकरण गावकीत मिटवायचं नाही. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती असते. त्याहून लहान जागी, शेतात, घरकामात असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी. तिथेही समेट होऊ शकतो, पण बाईने स्वतः मागितला तरच. आणि पैसे देऊन मिटवायला कायद्याची परवानगी नाही.

परत ऊसतोडीकडे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, पण उचल बहुतेकदा नवऱ्याच्या नावावर लिहिलेली असते आणि मुकादमाचा हिशेबही त्याच्याशीच होतो. ते 34 टक्के त्या एकाच खात्यात जाऊन पडतात. खाडा झाला तर मात्र तिच्याही अंगाचे पैसे कापतात. लवादाच्या टेबलाभोवती या बायका आम्हाला फारशा दिसलेल्या नाहीत.

तिथवर पोचायला वेळ लागेल. तोवर वही घाला. रोजची तारीख, किती टन, वजनाची पावती, घेतलेली उचल, कापलेला खाडा. लिहिता येत नसेल तर पोरीकडून लिहून घ्या. वकील लागला तर इंदापूरच्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो, नवऱ्याची कमाई कितीही असो. फोन करायचा तर 15100. जाताना ती वही बरोबर न्या.