‘ओ’ देतो म्हणजे कान शाबूत?

हेडफोनवरून घरोघरी वाद होतात, पण ते बहुधा भलत्याच मुद्द्यावर. आईला ब्लूटूथच्या किरणांची धास्ती असते. बाबांचं मत असतं की कानात खुपसायचे ते वाईट आणि वरून लावायचे ते चांगले. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराकडे एकच उत्तर तयार असतं, ‘मला नीट ऐकू येतं, कळलं?’ या सगळ्या गदारोळात आवाज किती मोठा होता आणि किती वेळ चालला, हे कोणी विचारतच नाही. कानाचं नुकसान ठरतं ते या दोन गोष्टींच्या गुणाकारावर.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी आठवड्याचं माप दिलं आहे. प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५ डेसिबल, तेवढेच तास. इथवर बरं वाटतं. पण डेसिबलची शिडी सरळ नसते. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा वेळ निम्म्यावर आणावा लागतो. मुलांच्या मापाने ७८ डेसिबलला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५. ९० डेसिबलला उरतो सव्वा तास आणि ९६ ला जेमतेम १९ मिनिटं. हे सगळे आकडे रोजचे नाहीत, अख्ख्या आठवड्याचे आहेत. आणि आवाज पूर्ण वाढवला तर बरेच फोन १०० डेसिबलच्या आसपास जातात. क्लासचं रेकॉर्डेड लेक्चर, मग गेम, मग झोपताना गाणी असा दिवस असणाऱ्या मुलाचा हिशेब ज्याने त्याने करून बघावा.

‘लहान मुलांचे हेडफोन घेतलेत, त्यांना ८५ डेसिबलची मर्यादा आहे’ हा दिलासाही इथेच फसवा ठरतो. ८५ हा आकडा कारखान्यांतून आला. दिवसाला आठ तास यंत्रांच्या आवाजात राबणाऱ्या प्रौढ कामगाराचं नुकसान आटोक्यात राहावं यासाठी तो ठरवला गेला. नुकसान होणारच नाही, असं वचन त्यात कधीच नव्हतं. खोक्यावर तो छापला की मूल कितीही तास ऐकायला मोकळं झालं असं आपण समजतो.

आता त्या ‘मला नीट ऐकू येतं’कडे येऊ. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात जन्मतः साधारण पंधरा-सोळा हजार केशपेशी असतात. ध्वनीच्या लहरींचं मज्जासंस्थेला कळेल अशा संदेशात रूपांतर करणं हे त्यांचं काम. मोठ्या आवाजाचा मार आधी बसतो तो उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशींना, बहुतेकदा ४,००० हर्ट्झच्या आसपास. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि स, श, फ, थ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटते ती वरच्या पट्टीत. त्यामुळे सुरुवातीला आवाज ऐकू येतो पण शब्द निसटतो. वर्गात पंखे घरघरत असताना सरांनी ‘साठ’ म्हटलं की ‘आठ’, ते कळत नाही. शांत घरात स्वयंपाकघरातून मारलेल्या हाकेला मात्र तेच मूल चटकन ‘ओ’ देतं. हाकेला ‘ओ’ देणं ही कानाची तपासणी नव्हे. ‘सारखं काय? काय? करतो, लक्ष नसतं त्याचं’ म्हणून ज्याला बोलणी बसतात, त्याचा कान एकदा तपासून घ्यायला हरकत नाही.

‘कान थोडे सुन्न होतात, सकाळी आपोआप ठीक होतात.’ होतात खरे, आणि हाच भाग सगळ्यांत दगलबाज आहे. २००९ साली अमेरिकेत शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांनी तपासलं तेव्हा त्यांची ऐकण्याची क्षमता पहिल्यासारखी भरत होती. पण केशपेशी आणि श्रवणतंतू जिथे जोडलेले असतात, त्यांतल्या बऱ्याच जोडण्या कायमच्या तुटलेल्या होत्या. माणसांत हे किती प्रमाणात घडतं यावर अजून काम चालू आहे, पण ‘सकाळी बरं वाटलं’ यावर भिस्त ठेवता येत नाही एवढं नक्की. कोंबडीसारख्या पक्ष्यांत मेलेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. आपण त्या बाबतीत कोंबडीच्या मागे आहोत. हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली किंवा कान भरल्यासारखे वाटले, तर तेवढं ऐकणं जास्त झालं असं समजावं. कान ‘सरावतात’ वगैरे काही नसतं. आवाज कमी वाटू लागला तर कान थकलेत किंवा बिघडलेत.

बाहेरचा गोंगाट कापणारे, नॉइज कॅन्सलिंगचे हेडफोन म्हणजे श्रीमंती चोचले, हेही मला पटत नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत साधे इअरफोन लावले की गाडीच्या घरघरीवर मात करायला बोट आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातं. ही घरघर खालच्या पट्टीतली असते आणि हे हेडफोन नेमकी तीच कापतात. मग कमी आवाजात भागतं. पैसे खर्चायचेच तर दणदणाटी बेसपेक्षा यावर खर्चावेत. ते परवडत नसतील तर कानात घट्ट बसणाऱ्या रबरी बोळ्यांचे साधे इअरफोनही थोडंफार काम करतात. मात्र रस्त्यावर आणि रुळांजवळ दोन्ही काढून ठेवायचे, कारण हॉर्नही ऐकू येत नाही.

राहिले बाकीचे समज. ब्लूटूथच्या किरणांनी ऐकू येणं कमी होत नाही, कमी होतं ते हेडफोनमधून येणाऱ्या आवाजाने. कानात तेल सोडून केशपेशींना काही मिळत नाही, तेल तिथवर पोहोचतच नाही. श्रवणयंत्र आवाज वाढवून देतं, गेलेल्या पेशी परत देत नाही.

पालकांना न आवडणारा मुद्दा आता. हेडफोनवरून मुलाला झापायचं आणि विसर्जन मिरवणुकीत त्याच मुलाला डीजेच्या भिंतीसमोर नाचायला सोडायचं, हे जमत नाही. दोन्ही आवाज एकाच खात्यावर चढतात. १०० डेसिबलला प्रौढाचासुद्धा आठवड्याचा वाटा अर्ध्या तासाच्या आत संपतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तिचं काय होतं ते सांगायला नको. फोमचे इअरप्लग औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. मिरवणुकीला जायचंच असेल तर खिशात असावेत आणि स्पीकरपासून लांब राहावं.

घरी करण्यासारखी सगळ्यांत सोपी गोष्ट फोनच्या सेटिंगमध्येच आहे. आयफोनवर हेडफोनच्या आवाजाला डेसिबलमध्ये मर्यादा घालता येते आणि आठवडाभराचा हिशेबही दिसतो. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर कमाल आवाज बांधून ठेवता येतो. हे मुलाबरोबर बसून करावं. चोरून केलं तर दुसऱ्या दिवशी पूर्ववत झालेलं असतं. शंका असेल तर ध्वनिरोधक खोलीत होणारी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी. ती दुखत नाही आणि फार वेळही घेत नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही ही तपासणी होते.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा रातोरात, ऐकू येणं कमी झालं तर तो मळ असेल, सर्दी असेल म्हणून तेल घालत बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावं. अशा बहिरेपणावर स्टेरॉइडचा उपचार असतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. काही आठवडे उलटून गेल्यावर हाती फारसं काही लागत नाही.