घटपर्णीला काय देऊ नये

मेघालयाच्या दक्षिण गारो टेकड्यांत बाघमारा गावाजवळ एका वनस्पतीसाठी छोटेसे अभयारण्य राखलेले आहे. ती वनस्पती म्हणजे ‘नेपेंथिस खासियाना’. भारताच्या रानात आढळणारी घटपर्णीची ही एकमेव जात. तिथला पाऊस जमिनीतले पोषण धुऊन नेतो आणि मागे उरते ती आम्लधर्मी, नत्राला मोताद झालेली माती. इतर झाडे जिथे खुरटतात, तिथे घटपर्णी तग धरते, कारण मातीत नसलेले नत्र ती किड्यांकडून मिळवते. ती घरी वाढवायची असेल, तर तिच्या गरजा किती कमी आहेत हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

नेपेंथिसच्या दीडशेहून अधिक जाती मादागास्करपासून न्यू कॅलेडोनियापर्यंत पसरल्या आहेत. त्यांचे माहेर म्हणावे ते बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्स. तिचा घट फुलासारखा दिसला तरी ते पानच असते. पानाची मधली शीर टोकाकडून पुढे वाढते, तिचे प्रतान होते आणि प्रतानाच्या टोकाला घट फुगतो. वरचे झाकण पावसाचे पाणी अडवते. तोंडाच्या गोल कडेवर मकरंद पाझरतो. ही कड ओली झाली की तिच्यावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि मुंगीचे पाय घसरतात. आतल्या मेणचट भिंतीवरून वर चढता येत नाही. तळाच्या द्रवातली विकरे किड्याची प्रथिने विरघळवतात आणि त्यातले नत्र झाडाला मिळते. केरळातल्या पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी 2013 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली : अतिनील प्रकाशात ही कड निळसर चमकते आणि ती चमक किड्यांना ओढून आणते.

या वनस्पतीने बागायतदारांना वेड लावले ते एकोणिसाव्या शतकात. इंग्लंडमधल्या व्हीच रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी 1862 च्या सुमारास तिचा पहिला कृत्रिम संकर तयार केला. त्या काळी उष्ण प्रदेशातली झाडे सरसकट तापलेल्या, वाफाळ काचघरात ठेवली जात. सखल भागातल्या जाती तिथे फोफावल्या, पण किनाबालू पर्वतावरची ‘राजा’ ही जात काही जमेना. दोन लिटरहून अधिक पाणी मावेल एवढे तिचे घट असतात, पण ती दीड हजार मीटरच्या वर वाढते आणि तिला गार रात्र लागते.

म्हणून रोप घेताना पहिला प्रश्न विचारावा, ही जात सखल भागातली की डोंगरावरची? सखल जातींना रात्रीही वीस अंशांच्या वरची ऊब चालते. कोकणची दमट हवा त्यांना मानवते. डोंगरी जातींना रात्री पंधरा अंशांच्या आसपासचा गारवा हवा आणि मुंबईच्या गॅलरीत तो मिळणार नाही. नवशिक्याने ‘व्हेंट्राटा’ हा संकर घ्यावा. तो काटक आहे आणि हवामानातले थोडेफार चढउतार सोसतो.

आता काय देऊ नये ते पाहू. शेणखत, कंपोस्ट, बागेतली माती यांतले काहीही कुंडीत घालू नये. त्याने मुळे जळतात. स्फॅग्नम मॉस, नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे आणि परलाइट यांचे भुसभुशीत मिश्रण पुरते. बोअरचे जड पाणी घालू नये. पावसाचे साठवलेले किंवा आरओचे पाणी वापरावे. मिश्रण कायम ओलसर असावे, पण कुंडी पाण्याच्या ताटलीत उभी करू नये. दुपारचे थेट ऊन नको. शेडनेटमधून झिरपणारा भरपूर उजेड मात्र हवा. मांसाचे तुकडे तर मुळीच टाकू नयेत, घट कुजतो. उघड्यावर ठेवलेले झाड आपले किडे स्वतः मिळवते.

पाने हिरवीगार येतात पण घट येत नाहीत, ही नेहमीची तक्रार. त्याचे कारण बहुधा कोरडी हवा किंवा अपुरा उजेड असते. कधी कधी खतही कारणीभूत ठरते. मुळांतून आयते नत्र मिळू लागले की झाड घट करण्याचा खर्च टाळते. जुने घट तपकिरी होऊन वाळतात, ते नैसर्गिक आहे. तेवढे कापून टाकावेत. रोपे वाढवायला दोन-तीन पेरांची फांदी ओल्या मॉसमध्ये खोचली तरी मुळे धरते. बियांसाठी मात्र नर आणि मादी अशी दोन वेगळी झाडे लागतात, ती एकाच वेळी फुलावीही लागतात.

सह्याद्रीच्या सड्यांवर दवबिंदू आणि सीतेची आसवे या आपल्याकडच्या कीटकभक्षी वनस्पती अशाच निकस मातीत जगतात. कासच्या पठारावर त्या पाहताना पाय जपून टाकावा, रोप उपटून आणू नये.

खासियानाच्या बाबतीत हा नियम अधिकच कडक आहे. कोळशाच्या खाणी, वणवे आणि चोरटी तोड यांमुळे ती संकटग्रस्त झाली आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात ती सर्वांत कडक बंधनाच्या यादीत आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याशिवाय तिची लागवड किंवा विक्री करता येत नाही. तेव्हा घटपर्णी जरूर लावा, पण रोपवाटिकेत वाढवलेला संकरच लावा. ‘जंगलातून आणलेले अस्सल रोप’ असे कोणी सांगितले, तर ते विकत घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल, तर रानातून रोप उपटणाऱ्याला काहीच मिळणार नाही.