डोंगरावर फवारलं, विहिरीत उतरलं
शेतातली विषं : भाग ५

गेल्या आठवड्यात आपण डीडीटी पाहिलं. आज त्याच कुळातलं, पण आपल्या कपाशीवाल्यांच्या जास्त ओळखीचं एंडोसल्फान. डब्यातला तपकिरी द्रव पाण्यात ओतला, की पंपातलं पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. बोंडअळीवरचं ‘औषध’ म्हणूनच आपण ते वापरलं. मी मात्र इथे त्याला विषच म्हणणार आहे.

पाणी पांढरं झालं म्हणजे ते विरघळलं, असं वाटतं. तसं होत नाही. एंडोसल्फान पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. त्याचे अतिसूक्ष्म थेंब नुसते तरंगत राहतात. त्याच्या रेणूत क्लोरीनचे सहा अणू आहेत. त्याचं पाण्याशी जमत नाही, चरबीशी आणि मातीशी जमतं. मातीतले जीवाणू त्याचं एंडोसल्फान सल्फेट करतात. तेही विषारीच, आणि मूळ विषापेक्षा चिवट. दोन्ही मिळून निम्मी व्हायला नऊ महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंत काळ लागू शकतो.

शरीरात गेल्यावर ते मेंदूवर घाला घालतं. चेतापेशींना शांत करणारं ‘गाबा’ नावाचं द्रव्य मेंदूत असतं. एंडोसल्फान त्याचंच काम अडवतं. पेशी उसळतच राहतात आणि आकडी येते. ऑर्गॅनोफॉस्फरस विषबाधेत अ‍ॅट्रोपिन देतात, तसा हुकमी उतारा याला नाही. डॉक्टर झटके आवरतात, श्वास सांभाळतात, एवढंच हातात उरतं. माशांना तर याचा अंशही मारक.

या गुणांचा अर्थ कळतो तो केरळच्या कासरगोडमध्ये. तिथल्या सरकारी प्लांटेशन कॉर्पोरेशनच्या काजूबागा डोंगरमाथ्यांवर आहेत आणि वस्ती खाली दऱ्यांत. काजूच्या मोहोरावर पडणाऱ्या किडीसाठी, जिला आपल्या कोकणातले बागायतदार ढेकण्या म्हणतात, १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून २०००पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारलं गेलं, तेही वर्षातून दोन-तीनदा. त्या भागात पाणी मिळवायची एक जुनी रीत आहे : जांभ्याच्या डोंगरात आडवं भुयार खणायचं आणि त्यातून झिरपणारं पाणी बाहेर टाक्यात साठवायचं. त्याला ‘सुरंगम’ म्हणतात. ज्या डोंगरावर विष पडत होतं, त्याच डोंगराच्या पोटातलं पाणी माणसं पीत होती. अशा ठिकाणी फवारणीआधी ‘विहिरी झाकून ठेवा’ एवढं सांगून भागण्यासारखं होतं का? पावसात माथ्यावरची माती खाली येते, तिला चिकटलेलं विषही येतं.

आधी जनावरांनी सांगितलं. १९७९च्या सुमारास पड्रे गावात वाकड्या पायांची वासरं जन्मली आणि तिथले शेतकरी-पत्रकार श्री पड्रे यांनी त्यावर लिहिलं. पुढे गावातल्या डॉ. मोहनकुमार यांना पेशंटांमध्ये मेंदूचे आणि मनाचे आजार नको तितके दिसू लागले. लीलाकुमारी अम्मा या कृषी खात्यातल्याच अधिकारी. १९९८मध्ये त्या फवारणीविरुद्ध कोर्टात गेल्या. आपल्याच खात्याला नको असलेला प्रश्न विचारायचा, याला मी मोठं धैर्य मानतो.

समित्या अनेक नेमल्या गेल्या आणि त्यांची मतं जुळली नाहीत. पण अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने बागांच्या पायथ्याच्या गावातले ११७ मुलगे आणि दुसऱ्या गावातले ९० मुलगे तपासले. फवारणी थांबून दहा महिने झाले होते, तरी पायथ्याच्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फान जास्त होतं आणि त्यांचं वयात येणं लांबलेलं दिसलं. एकेका आजाराचा पुरावा वेगवेगळा मागत बसणाऱ्यांनी हा अभ्यास तरी बाजूला सारायला नको होता.

एप्रिल २०११मध्ये जिनिव्हात, अशी चिवट विषं जगातून हटवण्यासाठीच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत एंडोसल्फान आलं. १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतात त्याचं उत्पादन, विक्री आणि वापर थांबवला. आणि जानेवारी २०१७मध्ये बाधितांना प्रत्येकी ५ लाख रुपये तीन महिन्यांत द्यायचा आदेश दिला. ते पैसे मिळवण्यासाठीही आयांना अपंग लेकरं कडेवर घेऊन तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर बसावं लागलं. त्यातली काही लेकरं वयाने विशी ओलांडलेली होती.