गृहिणीचा पांडुरोग

पुण्याहून नगरकडे जातांना वाटेंत सुपें लागतें. शहाजीराजांच्या जहागिरीमुळें इतिहासांत गाजलेलें सुपें तें हें नव्हे. तें बारामतीच्या बाजूचें. हें पारनेर तालुक्यांतील. पाऊस बेताचा, पीक बाजरी-ज्वारीचें, आणि अलीकडे रस्त्याच्या कडेस उठलेली कारखान्यांची वसाहत. या गांवाचें नांव आरंभींच घेण्याचें कारण असें कीं, आज ज्या विकाराविषयीं लिहावयाचें आहे तो सुप्याच्या शेतांत खुरपणी करणाऱ्या बाईस जसा गांठतो, तसाच पुण्यांतील पदवीधर सुनेसही गांठतो. आपले वैद्य ज्यास पांडुरोग म्हणत आले तो हा रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांस तो आढळला. इतका मोठा आंकडा केवळ गरिबांच्या झोंपड्यांतून भरत नाहीं.

हा रोग दिसत नाहीं याचें कारण तो हळूहळू येतो. जिना चढतांना धाप लागते, छातींत धडधडतें, दुपारीं डोकें दुखतें. घरचीं माणसें म्हणतात, 'हिला कामाचा कंटाळा.' कोणी माती, खडू अथवा कच्चे तांदूळ खाऊं लागते व बोलणीं खाते. आमचें म्हणणें असें कीं, अशा मुलीस रागें भरण्यापूर्वीं तिचें रक्त तपासून घ्यावें. शंभर मिलिलिटर रक्तांत हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षां, आणि गर्भवतीच्या बाबतींत ११ ग्रॅमपेक्षां कमी भरलें, तर तो कंटाळा नसून रोग आहे.

मासिक पाळींत व बाळंतपणांत स्त्रीच्या शरीरांतील लोह खर्चीं पडतें. तें भरून यावें कशानें? सर्वांचें जेवण उरकल्यावर पातेल्याच्या तळाशीं उरेल त्यानें! पुरुषमंडळींनीं भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतांना मागें किती उरली हें एकदां पाहावें, म्हणजे अर्धें निदान तेथेंच होईल. बाजरींत व पालेभाज्यांत लोह आहे, परंतु वनस्पतींतील लोह अंगीं लागण्यास कठीण. जेवणांत लिंबू पिळल्यानें तें अधिक शोषलें जातें. जेवणास लागूनच चहा घेतल्यानें अडतें. तेव्हां चहा तासाभरानें घ्यावा. अळिवाचे लाडू केवळ बाळंतिणीचेच कां समजावे, हें आम्हांस कधींच उमगलें नाहीं. गुळाची कीर्ति मात्र त्याच्या योग्यतेहून मोठी आहे.

या रोगाच्या इतिहासांत मुंबईचा एक मानाचा भाग आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाची इंग्रज डॉक्टरीण गर्भिणींच्या रक्तक्षयाचें संशोधन करण्यास तेथें आली. गिरणीकामगारांच्या वस्तींतील गर्भवती स्त्रियांत असा एक रक्तक्षय आढळे कीं, त्यांत रक्तपेशी लहान होण्याऐवजीं मोठ्या होत. जंतु शोधून हातीं कांहीं लागेना. तेव्हां तिनें या बायका काय खातात हें पाहण्यास आरंभ केला. यीस्टपासून केलेला मार्माइट नांवाचा स्वस्त अर्क दिल्यावर त्या बऱ्या होऊं लागल्या, व १९३१ सालीं तिनें हें प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक आम्ल. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें. आज सरकारी दवाखान्यांत गर्भवतीस मिळणाऱ्या गोळींत ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर फॉलिक आम्लही असतें. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, व प्रसूतीनंतर तितकेच दिवस ती घ्यावयाची असते. गोळीनें शौचास काळें होतें. तें पाहून पुष्कळजणी भिऊन ती टाकून देतात. भिण्याचें कारण नाहीं. मळमळल्यास ती जेवणानंतर रात्रीं घ्यावी. चहा-दुधाबरोबर मात्र घेऊं नये.

आपल्यासारख्या शाकाहारी घरांस आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ब-१२ हें जीवनसत्त्व भाजीपाल्यांत नाहीं. दुधा-दह्यांत आहे, पण थोडें. सुनेच्या वांट्यास ताकाची निवळच येत असेल, तर तें पुरणार नाहीं. हातापायांस मुंग्या येऊं लागल्या तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर विसंबून राहूं नये; डॉक्टरांकडून हें जीवनसत्त्वही तपासून घ्यावें.

सुपें ज्या जिल्ह्यांत आहे त्याच्याच दुसऱ्या टोकास जामखेड आहे. तेथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० सालापासून गांवोगांवच्या स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून शिकविलें. डॉक्टरांस जें न सांगतां बाई परत जाई, तें ती या शेजारणीस सांगूं लागली. पाळींत अतोनात जातें, हें वाक्य आपल्या सुशिक्षित घरांत कोण कोणास सांगतें? जाऊबाईंस सांगावें तर ती हंसेल, सासूबाईंस सांगावें तर त्यांच्याही वेळीं तसेंच होतें! वास्तविक गर्भाशयांतील गांठ अथवा थायरॉइडचा बिघाड याच वाक्याच्या आड दडलेला असतो, व तो न शोधतां गोळ्या देत राहणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरणें होय.

आणि स्वतः सासूबाईंचें काय? पाळी बंद झाल्यावर हिमोग्लोबिन उतरलें, तर तें वयाच्या माथीं मारूं नये. पोटांत, आंतड्यांत कोठें रक्त झिरपत आहे काय, याची तपासणी त्याच महिन्यांत करवावी. दिवाळी होऊं दे म्हणून थांबूं नये.