पाटी डॉक्टरांची, वकिली कुणाची?

गेल्या महिन्यात आमच्या एक वाचक भगिनी कार्यालयात आल्या. खुर्चीवर बसण्याआधीच त्यांनी पर्समधून मोबाईल काढून आमच्यापुढे धरला. त्यांची धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत, टेक्सास राज्यात स्थायिक झाली आहे. बहिणीचे मूल चौदा वर्षांचे. जन्माने मुलगी; पण गेली तीन वर्षे ते घरात एकच सांगत आहे, मी मुलगी नाही, मला मुलगा म्हणून जगायचे आहे. आईबापांची झोप उडाली आहे. आणि इकडे नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणीतरी मजकूर टाकला की, अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या कॉलेजनेच जाहीर केले आहे, अशी ९८ टक्के मुले आपोआप ठीक होतात, डॉक्टरांच्या नादी लागू नका.

‘‘दादा, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे खरंच असेल ना? बहिणीला काय सांगू?’’ त्यांनी विचारले.

आम्ही डॉक्टर नाही. त्यांना तेव्हाच उत्तर देता आले नाही. पण प्रश्न एका मुलाच्या आयुष्याचा होता, म्हणून आम्ही शोध घेतला. जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवत आहोत. कारण असे मजकूर आज घरोघरी येत आहेत.

नावे सारखी, घरे वेगळी

अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांची एक जुनी संघटना आहे, ‘अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’. स्थापना १९३० ची. सभासद सुमारे ६७ हजार. लसीकरणाचे वेळापत्रक असो की बाळाला कसे निजवावे हा साधा सल्ला असो, त्या देशातील डॉक्टर याच संस्थेकडे पाहतात.

दुसरी संस्था आहे ‘अमेरिकन कॉलेज ऑफ पेडिअ‍ॅट्रिशियन्स’. मजकुरातले ‘कॉलेज’ ते हेच. नाव ऐकून वाटेल की हे एखादे वैद्यकीय महाविद्यालय असेल. तसे ते नाही. तेथे विद्यार्थी शिकत नाहीत. समलिंगी जोडप्यांपैकी एकाच्या मुलाला दुसऱ्यानेही कायदेशीर दत्तक घ्यावे, यास २००२ साली अ‍ॅकॅडमीने पाठिंबा दिला. तो ज्यांना रुचला नाही अशा डॉक्टरांनी त्याच वर्षी ही वेगळी चूल मांडली. अ‍ॅकॅडमीचे माजी अध्यक्ष जोसेफ झांगा हे त्यात पुढे होते. हिचे सभासद शेकड्यांत मोजण्याइतके आहेत.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ६७ हजार म्हणतात म्हणून ते खरे आणि काहीशे म्हणतात म्हणून ते खोटे, असा आमचा दावा नाही. बहुमत म्हणजे सत्य नव्हे, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. कॉलेजचे सभासद खरेखुरे डॉक्टर आहेत आणि त्यांना आपले मत मांडण्याचा हक्क आहे. आमची तक्रार वेगळी आहे. एका ठरलेल्या नैतिक मतासाठी स्थापन झालेली संस्था जेव्हा साऱ्या बालरोगतज्ज्ञांचा आवाज असल्यासारखे नाव लावून घराघरांत शिरते, तेव्हा साध्या आईबापांची फसगत होते. बाजारात नामांकित मालाच्या वेष्टनासारखेच वेष्टन करून दुसरा माल विकतात, त्यातलाच हा प्रकार.

चौदा हजार पत्रे

या संस्थेची रीत कळण्यासाठी २०१० सालचे एक प्रकरण पुरेसे आहे. त्या वर्षी कॉलेजने अमेरिकेतील १४ हजार ८०० शालेय जिल्ह्यांच्या अधीक्षकांना पत्रे धाडली. समलिंगी ओढ किंवा लिंगाबद्दलचा संभ्रम दाखवणाऱ्या मुलांना शाळांनी दुजोरा देऊ नये, बहुतेकांचे ते आपोआप मावळते, असा त्या मोहिमेचा रोख होता. आधाराला शास्त्रज्ञांची नावे होती.

मग ज्यांची नावे वापरली तेच पुढे आले. फ्रान्सिस कॉलिन्स हे मानवी जनुकांच्या महाप्रकल्पाचे नेतृत्व केलेले शास्त्रज्ञ आणि त्या वेळी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे संचालक. आपल्या पुस्तकातली वाक्ये संदर्भ तोडून वापरली आहेत, त्यातून मुलांना विनाकारण मनस्ताप होईल आणि पूर्वग्रह वाढेल, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. मिनेसोटा विद्यापीठाचे डॉ. गॅरी रेमाफेडी यांनीही आपल्या संशोधनाचा विपर्यास झाल्याची तक्रार केली.

ज्याच्या नावावर साक्ष दिली तोच साक्षीदार उभा राहून ‘मी असे म्हटलेच नाही’ म्हणतो, तेव्हा त्या खटल्यात काय उरते?

९८ चा आकडा आला कुठून?

आता मोबाईलवरच्या त्या आकड्याकडे येऊ. २०१६ साली कॉलेजने एक निवेदन काढले. त्यात म्हटले होते की, अशी ९८ टक्क्यांपर्यंत मुले आणि ८८ टक्क्यांपर्यंत मुली वयात आल्यानंतर आपले जन्माचे लिंग स्वीकारतात. आधार दिला होता अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या मान्यताप्राप्त निदानग्रंथाचा.

आम्ही त्या ग्रंथात काय आहे ते पाहिले. ग्रंथ सांगतो की वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे आकडे आले. जन्माने मुलगे असलेल्यांत ही भावना पुढेही टिकून राहण्याचे प्रमाण २.२ टक्क्यांपासून ३० टक्क्यांपर्यंत होते; जन्माने मुली असलेल्यांत १२ पासून ५० पर्यंत. म्हणजे मावळण्याचे प्रमाण मुलग्यांत ७० ते ९८ आणि मुलींत ५० ते ८८. कॉलेजने दोन्हीकडे फक्त वरचे टोक उचलले. ‘पर्यंत’ हा शब्द तेवढा ठेवला, आणि तोही एका मोबाईलवरून दुसऱ्यावर जाताना गळून पडला. शिवाय या भगिनींच्या बहिणीचे मूल जन्माने मुलगी. त्याला मुलग्यांचा आकडा लावला गेला! त्याच ग्रंथाप्रमाणे एका अभ्यासात निम्म्या मुलींची भावना टिकून राहिली होती, हे त्या मजकुरात कुठेच नाही.

आणखी एक बाब. हे अभ्यास लहान वयात तपासलेल्या मुलांचे आहेत. त्यातल्या जुन्या अभ्यासांची निदानाची कसोटीही आजच्याहून सैल होती. नुसत्या वागण्यावरून बायकी वाटणारे मुलगेही त्यात धरले जात. वयात येण्यापूर्वी अशा मुलांना कोणतेही औषध देऊ नये, असेच उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नियम सांगतात. म्हणजे ज्या वयात औषध द्यायचेच नसते, त्या वयाचा आकडा दाखवून चौदा वर्षांच्या मुलाच्या आईला घाबरवले गेले.

ज्यांचे दुखणे, त्यांनाच विचारले नाही

दुसरा एक शब्द अलीकडे फार फिरतो. मैत्रिणींच्या संगतीने आणि इंटरनेटमुळे मुलींना अचानक असे वाटू लागते, ही जणू साथच आहे, असे त्यात सुचवलेले असते. याचे मूळ २०१८ साली लिसा लिटमन यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आहे. त्यात २५६ पालकांची उत्तरे होती. ते पालक मुख्यतः अशा तीन संकेतस्थळांवरून मिळवले होते, जेथे आपल्या मुलांच्या या म्हणण्यावर शंका असणारेच जमत. मुलांना काही विचारले नव्हते. त्यांच्या डॉक्टरांनाही नाही. २०१९ च्या मार्चमध्ये त्याच नियतकालिकाने दुरुस्ती छापली आणि हे वैद्यकीय निदान नव्हे, असे त्यात नमूद झाले. पालकांची काळजी खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण सुनेविषयी फक्त सासूला विचारून घराचा निवाडा करता येतो का?

खरी शंका आणि खोटी खात्री

वाचकहो, येथवर वाचून कुणाला वाटेल की या उपचारांवर शंका घेणारे सारेच लबाड आहेत. तसे मुळीच नाही.

वयात येणे लांबवणारी औषधे १९८० च्या दशकापासून फार लवकर वयात येणाऱ्या लहान मुलांना दिली जातात. ट्रान्सजेंडर किशोरांसाठी ती वापरण्याची पद्धत १९९० च्या दशकात हॉलंडच्या डॉक्टरांनी सुरू केली. त्यांचा हाडांच्या घनतेवर काय परिणाम होतो आणि पुढे हार्मोन्स सुरू झाल्यावर मूल होण्याची क्षमता राहते का, हे प्रश्न खरे आहेत. इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस या नामवंत बालरोगतज्ज्ञांनी चार वर्षे काम करून एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला. उपलब्ध पुरावा कमकुवत आहे, सावधगिरी हवी, असे त्यांनी बजावले. त्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, तेथील सरकारी आरोग्यसेवेने ही औषधे नेहमीच्या उपचारातून काढली होती. स्वीडन आणि फिनलंड यांनीही हात आखडता घेतला. अमेरिकेच्या अ‍ॅकॅडमीने आपली भूमिका २०२३ साली कायम ठेवली, पण सर्व अभ्यासांची नव्याने पद्धतशीर छाननी करण्याचे ठरवले.

अतिशयोक्ती दुसऱ्या बाजूनेही होते. औषध मिळाले नाही तर मूल जीव देईल, असे काही जण पालकांना सांगतात. इंग्लंडमध्ये निर्बंधांनंतर किशोरांच्या आत्महत्या फार वाढल्याचा दावा झाला, तेव्हा आत्महत्या-प्रतिबंधाचे सरकारी सल्लागार प्रा. लुई अ‍ॅपलबी यांनी जुलै २०२४ मध्ये आकडे तपासून तो दावा टिकत नसल्याचे सांगितले आणि अशी भाषाच मुलांना धोक्याची आहे, असा इशारा दिला.

मग प्रामाणिक शंका ओळखायची कशी? ‘पुरावा कमी आहे’ आणि ‘उपचार निरुपयोगी आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. प्रामाणिक माणूस पहिल्यावर थांबतो. प्रचारक पहिले दाखवून दुसरे गळी उतरवतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गायट हे पुराव्याचा दर्जा ठरवण्याची जगमान्य पद्धत घडवणाऱ्यांपैकी एक. त्यांच्या गटाने अशा उपचारांच्या अभ्यासांची छाननी केली. पैसा या उपचारांवर शंका घेणाऱ्या एका संस्थेचा होता. निष्कर्ष आला की खात्रीचा पुरावा थोडा आहे. लगेच त्याचा वापर उपचार बंद करण्यासाठी होऊ लागला. तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये गायट आणि सहकाऱ्यांनी निवेदन काढले की पुरावा कमी असला म्हणून उपचारावर बंदी घालणे हा आमच्या कामाचा गैरवापर आहे. अशा वेळी रुग्णाच्या इच्छेला जास्त महत्त्व द्यायचे असते. २०१० मध्ये जे कॉलिन्स यांना करावे लागले, तेच पंधरा वर्षांनी गायट यांना करावे लागले.

कागद कायद्यापर्यंत पोहोचतो

हा केवळ विद्वानांचा वाद राहिलेला नाही. २०२१ साली आर्कान्सा राज्याने अल्पवयीनांच्या या उपचारांवर देशातली पहिली बंदी घातली, तीही तेथील गव्हर्नरांचा नकाराधिकार डावलून. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. १८ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टेनेसी राज्याची अशीच बंदी सहा विरुद्ध तीन मतांनी कायम ठेवली. मात्र उपचार चांगला की वाईट याचा निवाडा न्यायालयाने केला नाही; तो प्रश्न लोकप्रतिनिधींवर सोडला. लोकप्रतिनिधी कुणाचे कागद वाचून मत बनवतात, हे म्हणूनच महत्त्वाचे.

आपल्याकडे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचे नागरी हक्क मान्य केले. समलिंगी वा ट्रान्सजेंडर व्यक्तीला ‘बदलण्याचे’ तथाकथित उपचार करणे हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले. तरीही परदेशी पाटीचा कागद आला की आपण आपल्याच घरातले हे निर्णय विसरतो.

त्या भगिनींना आम्ही काय सांगितले

त्या पुन्हा आल्या तेव्हा आम्ही हे सारे त्यांच्यापुढे मांडले. औषध द्यावे की नाही, हे आम्ही सांगितले नाही. तो आमचा अधिकार नाही, आणि टेक्सासमध्ये ते दार सध्या कायद्यानेच बंद आहे. पण मानसोपचारतज्ज्ञाशी बोलण्याचे दार तेथे उघडे आहे. मुलाला बदलण्याचा विडा न उचलता त्याचे ऐकून घेईल असा जाणकार शोधावा. मुलाला ज्या नावाने हाक मारलेली आवडते त्या नावाने हाक मारायला कोणताही कायदा घरात आड येत नाही. आणि कोणतीही टक्केवारी त्या एका मुलाविषयी काहीच सांगत नाही.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘तीन वर्षांत आम्ही सगळ्यांनी त्याच्याविषयी एवढं बोललो. त्याच्याशी कुणीच बोललो नाही.’’

वाचकहो, असा मजकूर तुमच्याही हाती येईल. तो पुढे पाठवण्याआधी चार गोष्टी पाहा. ही संस्था कधी आणि कशासाठी निघाली? तिच्यात माणसे किती? आकडा पूर्ण दिला आहे की एकच टोक? आणि ज्या शास्त्रज्ञाचे नाव घेतले आहे, तो स्वतः काय म्हणतो? एवढे करायला डॉक्टर व्हावे लागत नाही. आपण चौकशी केल्याशिवाय शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मुलाचे लग्नही ठरवत नाही. मग त्याच्या आयुष्याचा निर्णय एका पाटीवर कसा सोडायचा?