दहा लांडग्यांचे दात

पहिल्या दिवशी मी तीन वेळा मेलो. एकदा लांडग्याने मारले, एकदा कड्यावरून पाय घसरला आणि तिसऱ्यांदा कशाने मेलो ते मला अजूनही कळलेले नाही. प्रत्येक वेळी भूत होऊन आपल्याच प्रेतापर्यंत चालत जायचे, पुन्हा जिवंत व्हायचे आणि राहिलेले काम पुढे सुरू करायचे. काम काय, तर लांडग्यांचे दहा दात गोळा करून गावच्या पाटलाला नेऊन द्यायचे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. माझ्याजवळ तीन दात जमले होते आणि तेवढ्यात आमच्या गल्लीतली वीज गेली.

हे सारे घडले ते नव्या जालन्यातल्या आमच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, लेकीने मागे ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपवर. मी सरकारी कार्यालयातून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली आहेत. मुलगी पुण्याला नोकरी करते. रोज रात्री तिचा फोन येतो. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘पाऊस आहे का?’ ‘आहे.’ ‘बरं, आईला देतो.’ बापलेकीच्या गप्पा एवढ्याच. एका रविवारी तीच म्हणाली, ‘बाबा, मी रोज रात्री तासभर एक गेम खेळते. तुम्ही पण या ना. चालता चालता बोलू.’

चालता चालता बोलायचे, हे मला आवडले. ती शाळेत असताना आम्ही मोती तलावावर फिरायला जात असू, तेव्हा ती अखंड बोलायची. म्हणून हो म्हणालो.

शेजाऱ्यांना हे कळले तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारले, ‘किती गेले?’ ऑनलाइन गेम म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे पैसे लावायची रमी येते. त्यात त्यांची चूक नाही. कित्येक घरांना त्या नादाने झळ बसली आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. मी सांगतो आहे तो प्रकार वेगळा. याला ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणतात. आपण एक पात्र व्हायचे, धनुर्धर, वैदू, मांत्रिक, जे आवडेल ते. त्या काल्पनिक जगात त्याच वेळी देशोदेशींचे हजारो लोक आपापली पात्रे घेऊन हिंडत असतात. ज्याच्या डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह दिसेल त्याच्याकडे जायचे, तो एक काम सांगतो. ते करून आले की बक्षीस आणि पुढचे काम. या कामाला ‘क्वेस्ट’ म्हणतात. आपण ‘कामगिरी’ म्हणू.

नवख्याचे हाल

कामगिरी हा शब्द मोठा आहे. मला वाटले, राजकन्या सोडवायची असेल, एखादा राक्षस मारायचा असेल. पाटलाने सांगितले, लांडग्यांचे दात आण. बाकी मजकूर लांबलचक इंग्रजीत होता. मी चष्मा लावून सगळा वाचला. त्यात पाटलाच्या आजोबांचीही हकीकत होती, फक्त लांडगे कोणत्या दिशेला आहेत ते नव्हते.

अर्धा तास चालून लांडगे सापडले, तर प्रत्येक लांडग्याला दात नाहीत! म्हणजे चित्रात दिसतात, पण मारल्यावर मिळत नाहीत. लेक म्हणाली, ‘बाबा, तो ड्रॉप रेट असतो. समजा, चारातल्या एकाकडेच दात मिळणार.’ मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. चारात एक, म्हणजे दहा दातांसाठी सरासरी चाळीस लांडगे. शिवाय ओळीने दहा लांडगे मारूनही एकसुद्धा दात न मिळणारे अभागी शंभरात पाच-सहा निघणारच. मी त्या पाच-सहांतला. त्यातून मी बाण सोडावा आणि कोणी भलत्याच देशातला पोरगा मधे येऊन लांडगा आपल्या नावावर करून घ्यावा. एवढे करून थैली भरलेली. आत फाटके कातडे, मोडकी ढाल, कसलीशी मुळी. टाकावे तर पुढे लागेल ही भीती, ठेवावे तर दाताला जागा नाही. आमच्या माळ्याची आठवण झाली.

सात दिवसांनी दहा दात नेऊन दिले. पाटील म्हणाला, शाब्बास, आता ही चिठ्ठी नदीपलीकडच्या लोहाराला दे. लोहार म्हणाला, मला कोळसा आणून दे. कोळसेवाला म्हणाला, आधी माझी हरवलेली कुऱ्हाड शोध. मी लॅपटॉप धाडकन मिटला आणि बायकोला म्हणालो, ‘हे काय खेळणं आहे? ही तर सरकारी कचेरी आहे!’

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘मग तुम्हाला सवय असायला हवी.’

हा घोळ आला कुठून?

दुसऱ्या दिवशी मी चौकशीला लागलो. या खेळांचा मूळपुरुष १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात जन्मला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी तो रचला. नाव ‘मड’. आपला जालना तेव्हा अजून औरंगाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होता, जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. ‘मड’मध्ये चित्र नव्हतेच. ‘तुम्ही जंगलात उभे आहात’ अशा अर्थाची वाक्ये पडद्यावर यायची आणि खेळणाऱ्याने शब्द टाइप करून उत्तर द्यायचे. पुढे १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आला. नावातच क्वेस्ट, पण कोणाकडे काम आहे हे ओळखायला त्याच्याशी बोलून नेमका शब्द पकडावा लागे. २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ने कामगिऱ्यांची रांगच लावली आणि डोक्यावरचे पिवळे उद्गारचिन्ह घरोघर पोचले.

या वॉरक्राफ्टच्या कामगिऱ्या रचणाऱ्यांपैकी एक जेफ कॅप्लन. २००९ मध्ये खेळ बनवणाऱ्यांच्या परिषदेत त्यांनी भाषण केले आणि आपल्याच चुकांची यादी वाचून दाखवली. एका पुस्तकाची विखुरलेली पाने गोळा करायची एक कामगिरी होती. त्या पानांनी लोकांच्या थैल्या भरून जायच्या. ती कामगिरी आपणच रचली होती आणि ती वाईट होती, हे त्यांनी कबूल केले. एकाच वेळी सगळीकडे उद्गारचिन्हे पेटवून ठेवली तर माणूस गोंधळतो, हेही सांगितले. कामगिरीचा मजकूर ५११ अक्षरांच्या वर जाऊ द्यायचा नाही असा त्यांच्याकडे दंडक होता, कारण खेळायला आलेला माणूस लांबण वाचत नाही. हे वाचून माझा राग निम्मा उतरला. काम करणाऱ्यानेच ‘चुकलो’ म्हटले की समोरच्याला आणखी काय हवे असते?

पण उरलेला राग कशाचा, ते कळायला आणखी काही दिवस गेले. सातव्या दिवशी दात देऊन परत येताना पाहिले, तर पाटील पुढच्या नवख्याला तेच सांगत होता. लांडगे पुन्हा नदीकाठी हजर. मी चाळीसच्या वर मारले होते, गावाला त्याचा पत्ता नव्हता.

श्रावणात आजी आदित्यराणूबाईची कहाणी सांगायची. तिच्यातही एकच काम पुन्हा पुन्हा येते. वाटेत मुक्काम करायचा, कोणी उपाशी आहे का बघायचे आणि त्याला कहाणी सांगायची. पण मोळीविक्याने ऐकली तर त्याच्या लाकडांचे सोने होते, माळ्याच्या विहिरीला पाणी लागते, म्हातारीची गेलेली मुले परत येतात. लहानपणी आम्ही कधी कंटाळलो नाही, कारण दर वेळी कोणाचे तरी काहीतरी बदलायचे. तेव्हा एकच काम दहादा करण्याचा माणसाला वीट येत नाही. दहादा करूनही काहीच हलत नाही, याचा येतो.

टेबलाच्या अलीकडे

आता जे सांगतो ते सांगायला मला जरा अवघड जाते.

मी तीस वर्षे कारकून होतो. कोणत्या कार्यालयात, त्याला महत्त्व नाही. एका संध्याकाळी तो लोहार मला तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकवत होता आणि अचानक तो आवाज ओळखीचा वाटला. तो माझाच होता. ‘हे आणलंत, ठीक आहे. आता ते आणा.’

खेड्यावरून एसटीने येणारी एक म्हातारी होती. नवरा वारला होता आणि तिला काही रक्कम मिळायची होती. पहिल्या खेपेला मी तिला मृत्यूचा दाखला आणायला सांगितला. तो घेऊन आली तेव्हा रेशन कार्डाची प्रत मागितली. ती आणली तेव्हा बँकेच्या पासबुकाची. चौथ्या खेपेला फोटो. मी कधी आवाज चढवला नाही, चहासुद्धा कोणाकडून घेतला नाही. मी स्वतःला सज्जन समजत होतो. पण चार कागद लागतात हे मला पहिल्याच दिवशी ठाऊक होते. एका चिठोऱ्यावर लिहून द्यायला एक मिनिट लागले असते. तिने विचारले नाही, मी सांगितले नाही. ती गेली की दुसरी म्हातारी, तीच फाइल, तेच वाक्य. डोक्यावर पिवळे उद्गारचिन्ह तेवढे नव्हते.

त्या रात्री खेळात लेकीबरोबर चालताना मी हे तिला सांगितले. तोंडासमोर सांगता आले नसते. पडद्यावर आमची दोन पात्रे नदीकाठाने चालली होती, कानाला फोन होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बाबा, ती आजी मला आठवते. तुम्ही एकदा घरी सांगितलं होतंत, की लोक कागदच पूर्ण आणत नाहीत.’

एवढेच. पण पुढे तासभर ती तिच्या ऑफिसचे, तिच्या साहेबांचे, न मिळालेल्या बढतीचे सांगत राहिली. इतके ती गेल्या चार वर्षांत बोलली नव्हती.

चौकट, इस्पिक, बदाम, किलवर

‘मड’वाल्या रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. या खेळांत माणसे का येतात याची त्यांनी पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली. मिळकत आणि पायऱ्या मोजणारे ते चौकट, कानाकोपरे खणत हिंडणारे इस्पिक, माणसांसाठी येणारे बदाम आणि दुसऱ्याला झोडपण्यात आनंद मानणारे किलवर. नवखा चिडतो, कारण खेळ त्याला पहिल्या दिवसापासून चौकट समजून वागवतो. आणि तो आलेला असतो बहुधा बदाम म्हणून.

नॉर्वेतल्या माट्स स्टीन या तरुणाची गोष्ट २०२४ मध्ये माहितीपटातून जगापुढे आली. स्नायू झिजवणाऱ्या आजाराने तो खुर्चीला खिळलेला होता. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला. पोराला मित्र लाभले नाहीत, याचे आईवडिलांना दुःख होते. त्यांनी त्याच्या जाण्याची बातमी त्याच्याच ब्लॉगवर दिली आणि देशोदेशींहून पत्रांचा ओघ सुरू झाला. वॉरक्राफ्टमध्ये ‘इबेलिन’ नावाने वावरणाऱ्या या मुलाने कित्येकांना अडचणीत धीर दिला होता. त्याच्या अंत्यविधीला त्यांच्यापैकी काही जण प्रवास करून आले. त्याने लांडगे किती मारले, हे त्यांच्यापैकी कोणी सांगितले नाही.

मुलांनी रात्र रात्र जागून खेळावे असे मी म्हणत नाही. आमचा नियम एक तासाचा आहे आणि तो मोडला की बायको वायफाय बंद करते. पण मूल पडद्याकडे बघून चिडले असेल, तर ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून विचारावे, कोणते काम अडले आहे? कदाचित आपणही त्यात मदत करू शकू.

लेकीने मला शिकवलेली युक्ती साधी आहे. एक काम घेऊन धावत सुटायचे नाही. गावातल्या सगळ्यांना आधी भेटायचे, एकाच दिशेची कामे एकदम घ्यायची आणि थैली रिकामी करून निघायचे. म्हणजे चार खेपांचे एका खेपेत होते.

परवा त्या गावाच्या वेशीवर एक नवखा गोल गोल फिरताना दिसला. कोण, कुठला, मुलगा की आजोबा, काही ठाऊक नाही. मी थांबलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत टाइप केले : लांडगे नदीकाठी, पुलाच्या डावीकडे. लोहाराचे काम आत्ताच घे. कोळसा आणि कुऱ्हाड त्याच वाटेवर आहेत. थैलीतली मुळी विकून टाक. कड्याच्या कडेने जाऊ नकोस. सगळी यादी लिहून दिली. एक मिनिट लागले.

त्याने फक्त दोन अक्षरे पाठवली आणि पळाला. मी लेकीला फोनवर विचारले, ‘टी आणि वाय म्हणजे काय गं?’

‘थँक यू, बाबा,’ ती म्हणाली.